जेवण व्यवस्थित झालं

बसा. तुम्ही माझ्या जागेवर येणार, तेव्हा पासवर्ड देण्याआधी एवढं ऐकून घ्या. हसू आलं तर हसा, माझी हरकत नाही. वर्षभरापूर्वी कोणी मला हे सांगितलं असतं तर मीही त्याला वेड्यात काढलं असतं. तो दिवा तेवढा असू द्या, इथे लवकर अंधारतं.

काम काही अवघड नाही. आपल्या या वृद्धाश्रमात तेव्हा छत्तीस माणसं होती. प्रत्येकाचं वेबसाइटवर एक पान. त्यावर फोटो, खोलीचा नंबर, औषधं, आणि खाली आजची तब्येत सांगणारी एक ओळ. लांब राहणारी मुलं झोपण्याआधी ते पान उघडून बघतात. मी यायच्या आधी ती ओळ नर्स लिहायच्या. काय गोंधळ होता म्हणून सांगू! एक लिहायची 'जेवल्या', दुसरी 'जेवण घेतले', तिसरी नुसतं 'ठीक' लिहून मोकळी. मग मुलांचे फोन सुरू. शेजारच्या आजोबांबद्दल तीन वाक्यं आणि आमच्या बाबांबद्दल एक शब्द, असं का? मॅनेजर वैतागले आणि मला कामावर ठेवलं.

मी हे साधं साधन आणलं. मजकूर एका पानावर लिहायचा, बाकीची पानं तोच उसना घेतात. एकदा बदलला की छत्तीस ठिकाणी बदलतो. मध्येच कोणी हात घातला तर साधन दर तासाला ते पान पुन्हा सरळ करतं. मूळ पान म्हणून मी सतरा नंबरच्या खोलीचं निवडलं, कारण तिथली ओळ सगळ्यांत नीटनेटकी होती. तिथे एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणायचे. नर्सला समोर बसवून त्या स्वतः ओळ सांगायच्या. 'जेवण व्यवस्थित झालं. दुपारी झोप लागली. काही तक्रार नाही.' झालं! छत्तीस जण एका फटक्यात जेवले, झोपले आणि कोणाची काही तक्रारच उरली नाही. फोन बंद झाले. मॅनेजरनी माझी पाठ थोपटली.

त्या छत्तीस जणांत माझी आई होती, नऊ नंबरच्या खोलीत. या टेबलापासून तिच्या दारापर्यंत बेचाळीस पायऱ्या. आधी मी रोज दुपारी वर जायचो. मग आठवड्यातून दोनदा. खोटं कशाला बोलू, नंतर नंतर मीही पानच बघायचो. ओळ मीच सगळीकडे चिकटवलेली होती, तरी वाचून बरं वाटायचं.

एका रविवारी मास्तरीणबाई गेल्या. त्यांचं पान काढायचं काम माझं. आज करू, उद्या करू म्हणत ते राहून गेलं. बुधवारी सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. 

"माझी आई जाऊन तीन दिवस झाले... आणि तुमचं पान म्हणतंय, जेवण व्यवस्थित झालं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. हजारदा माफी मागितली आणि तडक स्वयंपाकघरात गेलो. कारण ताटांच्या चिठ्ठ्याही पानांवरूनच छापल्या जातात. ज्याचं पान आहे, त्याचं ताट जातं.

"मावशी, सतराचं ताट आजपासून बंद," मी म्हणालो.

स्वयंपाकवाल्या मावशी हात पुसत माझ्याकडे बघत राहिल्या. "का? नवीन कोणी आलंय ना तिथे?"

"कोणी नाही. खोली रिकामी आहे. कुलूप आहे."

"चेष्टा नको. पोरगी ताट दारापाशी ठेवून येते, अर्ध्या तासानं उचलते. तीन दिवस ताट चाटूनपुसून परत येतंय."

मांजर असेल म्हटलं. दुसरं काय म्हणणार? वर येऊन पान काढायला घेतलं. तेव्हा साधनानं विचारलं: या पानाचा मजकूर इतर पस्तीस पानांवर आहे, तो तिथे तसाच ठेवायचा का? पस्तीस पानं पुन्हा कोण लिहीत बसणार? मी 'हो' दाबलं. नीट लक्षात ठेवा, मी नको म्हणू शकलो असतो.

दहा-बारा दिवसांनी एकदा जेवणानंतर मावशींनी मला खाली बोलावलं. टळटळीत दुपार होती, खिडक्यांतून ऊन आत आलं होतं. ओट्यावर पस्तीस ताटं ओळीनं मांडलेली. सगळी लख्ख. एकातही शीत नाही. प्रत्येक ताटात पेला उपडा आणि त्यावर चमचा आडवा.

"मास्तरीणबाई असंच ठेवायच्या," मावशी हळूच म्हणाल्या. "फक्त त्याच."

बेचाळीस पायऱ्या मी कशा चढलो ते आठवत नाही. आई खिडकीशी बसली होती. महिनाभरात मी तिला बघितलंच नव्हतं. मनगट असं झालं होतं की बांगडी कोपरापर्यंत सरकत होती.

"आई, जेवलीस ना?"

"ताट येतं रे," ती म्हणाली. "पण माझ्या आधी ती बसलेली असते."

"कोण?"

"पाठमोरी असते. मी म्हटलं, बाई, एक घास तरी ठेवा... ऐकत नाही. फार भुकेली आहे बिचारी."

खोलीत खडूचा वास येत होता. कोरडा, घशात बसणारा. मी पुन्हा ताट मागवलं, आईसमोर ठेवलं आणि दोन्ही हातांनी धरून बसलो. म्हटलं, बघतोच कोण येतंय. कोणी आलं नाही. पडदासुद्धा हलला नाही. फक्त ताटातलं कमी होत गेलं. एका कडेनं, नीट, सावकाश, घास घास करून. आई गुडघ्यांवर हात ठेवून बघत होती, पंगतीत आपली पाळी यायची वाट बघावी तशी.

मॅनेजरकडे गेलो. ती ओळ काढू द्या म्हणालो. "वेड लागलंय का तुम्हाला?" ते म्हणाले. "पस्तीस घरं ती ओळ वाचून झोपतात. हात लावायचा नाही." मग मी त्यांना न विचारता आईच्या पानावर माझ्या हातानं लिहिलं: 'आईनं आज काही खाल्लेलं नाही.' तासाभरात साधनानं ते पान सरळ केलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. ती दर तासाची तपासणी बंद केली, तरी वाक्य टिकेना. शेवटी आईचं पानच काढून टाकलं. पक्कं, कायमचं. कुठेही काही ठेवलं नाही. आणि त्याच दुपारी तिला उचलून माझ्या घरी नेलं. उचलून म्हणजे खरंच उचलून. वजन असं नव्हतंच.

घरी मी दुधात पाव कुस्करला. टेबलाशी तिला बसवलं, समोर वाटी ठेवली. म्हटलं, आता कोणाचं पान नाही आणि कोणाची चिठ्ठी नाही. खा. आईनं चमचा उचलला. आणि मग खुर्चीवर जरा सरकली. शेजारी एका माणसाची जागा करून दिली.

"आई... कोणासाठी?"

"अरे, ती आली आहे ना आपल्याबरोबर. तिला कोण आहे? तिची मुलगी तरी कुठे यायची? पानच बघायची." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "रागवू नकोस तिच्यावर. मला एवढे दिवस सोबत तिचीच होती."

पाया पडलो, हातापाया पडलो, रडलो, ओरडलोसुद्धा तिच्यावर. तोंड धरून चमचा घातला. तिनं घास गालात धरला आणि माझी पाठ वळल्यावर शेजारच्या रिकाम्या जागेपुढे काढून ठेवला. लहान पोराला द्यावा तसा. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली. डॉक्टर मला विचारत होते, किती दिवस उपाशी ठेवलंत? मला हिशेब सांगता आला नाही. मला खरंच माहीत नव्हतं.

मी तिला मारलं. असं स्पष्ट म्हटलं की लोक समजूत घालतात, म्हणून बाहेर म्हणत नाही. तुम्हाला सांगतो, कारण उद्यापासून ती पस्तीस... नाही, आता एकोणतीस पानं तुमच्या ताब्यात आहेत. ओळ तीच आहे. फोन अजूनही कोणाचा येत नाही.

थोरल्या भावाचा मात्र आला. तो लांब असतो, त्याला येता आलं नव्हतं. आई जाऊन चार दिवस झाले होते. मी घरात दार लावून बसलो होतो.

"एक विनंती आहे," तो म्हणाला. "आईचं पान काढ ना आता. बघवत नाही."

"काढलंय. ती असतानाच काढलंय."

"अरे, माझ्यासमोर उघडं आहे."

"काय लिहिलंय? जेवण व्यवस्थित झालं, हेच ना?"

एकदम त्याचा आवाज बदलला. "तू जेवतोस ना रे?"

"वाच तू. काय लिहिलंय ते वाच."

त्यानं वाचलं. सावकाश, एकेक शब्द. "'धाकटा चार दिवस जेवलेला नाही. दार लावून बसतो. त्याच्याकडे कोणी जात नाही, म्हणून आम्ही दोघी जातो.'"

मग त्यानं विचारलं, हे आईनं आधी कधी लिहून ठेवलं होतं का.

माझ्या आईला लिहिता येत नव्हतं.