आवाज आधी येतो

विश्वास ठेवा अथवा ठेवू नका, पण हे खरं घडलेलं आहे. रविंद्र माझा सख्खा मावसभाऊ. पुड्या सोडायची त्याला सवय नाही.

आणि ही रात्रीची गोष्टही नाही. २००६ चा मे महिना, राजुरी गाव, डोक्यावर टळटळीत ऊन आणि विहारासमोर माणसांनी भरलेला मांडव.

रविंद्रच्या बहिणीचं, स्वप्नाचं लग्न होतं. वडील, म्हणजे आमचे पोपटआण्णा, मस्कतला ड्रायव्हर. मालकानं ऐनवेळी सुट्टी नाकारली. लेकीच्या लग्नाला बापच नाही, म्हणून आण्णा फोनवर लहान पोरासारखे रडले होते. घोडेगावात रविंद्रचा सायबर कॅफे होता. त्यानं शब्द दिला, की आण्णा, तुम्ही खोलीत बसून सगळं लग्न बघाल आणि ऐकालसुद्धा.

कॅफेतले दोन कॉम्प्युटर मांडवात आणले, इंटरनेटसाठी शेजारच्या घरातून फोनची तार ओढली. खांबाला वेबकॅम बांधला, पुढ्यात माइक ठेवला.

आता एक समजून घ्या. वेबकॅमचं चित्र जड असतं, ते मागून पोचतं. आवाज हलका, तो आधी जातो. म्हणून रविंद्र कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायचा आणि टाळी दिसते तेव्हाच ऐकू येईपर्यंत आवाज मागं ओढायचा.

त्या दिवशीही टाळी जुळली.

वधूवर पांढऱ्या कपड्यांत येऊन बसले. तेवढ्यात आण्णांचा फोन.

"रवी, आवाज पुढं पळतुया रं."

त्यानं आवाज आणखी मागं ओढला.

परत फोन. आता तर आणखीच पुढं जातोय म्हणाले.

रविंद्रनं दुसऱ्या कॉम्प्युटरवर आण्णांना जात होतं तेच प्रक्षेपण लावलं आणि हेडफोन कानाला लावला...

"साधू, साधू, साधू."

सगळा मांडव एका सुरात म्हणत होता. मध्येच कुणी म्हातारा खोकला.

रविंद्रनं मान वर केली.

मांडवात कुणाचेच ओठ हलत नव्हते. बौद्धाचार्य अजून चष्मा पुसत होते. साधू म्हणतात ते गाथा संपल्यावर, आणि इथं गाथा सुरूच व्हायच्या होत्या.

कुठलं तरी जुनं रेकॉर्डिंग घुसलं असेल, असं त्यानं मनाला समजावलं.

गाथा झाल्या. मांडव म्हणाला, साधू, साधू, साधू... आणि बरोबर त्याच जागी मागच्या रांगेतले सोमाजीआजोबा खोकले.

त्यानं आवाज जेवढा मागं ओढता येईल तेवढा ओढला.

हेडफोनमध्ये एकदम शांतता.

ना माणसं, ना टाळ्या. फक्त कुठल्या तरी खोलीत पंखा कुरकुरत होता...

मग एक बाई रडायला लागली.

"रवी... आरं डोळं उघड. उघड की रं, राजा."

त्याच्या आईचा, कोंडामावशीचा आवाज.

त्यानं झटकन मांडवात पाहिलं. मावशी नव्या नवरानवरीवर फुलं टाकत होती. हसत होती.

रडण्यात आणखी एक आवाज मिसळला. लहान मुलीचा.

"पप्पा, उठा ना."

रविंद्रचं तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं.

फोन वाजला. आण्णाच होते. "तुजी आई का रडतीय?"

"लेक चाललीय ना, आण्णा."

"न्हाई. ती तुजं नाव घेऊन रडतीय."

रविंद्रनं तार उपटली. आण्णांना पाठवणी दिसलीच नाही.

नंतर त्यानं कॉम्प्युटरवर साठवलेलं लग्नाचं रेकॉर्डिंग पुन्हापुन्हा पाहिलं. आवाज आणि चित्र तंतोतंत जुळलेलं, रडणं कुठंच नाही. आण्णा परत आले, पण बापलेकांत त्या दिवसाचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढं रविंद्रचं लग्न झालं. मुलगी झाली. ती बोलायला लागली तशी त्यानं घरात सक्त ताकीद दिली, की मला बाबा म्हणायचं. दुसरं काही नाही.

घरी दुपारचा तो पंख्याखाली आडवा होत नाही. मावशी आजारी पडली की रात्ररात्र उशाशी बसतो. लोक म्हणतात, पोरगा असावा तर असा. पण मला त्यानं एकदा सांगितलं, की आईचं काही बरंवाईट झालं तर ते रडणं कधी होणारच नाही, असंही त्या वेळी मनात येतं. मग स्वतःचीच किळस वाटते. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

परवा त्याचा फोन आला. घरात नवा पंखा बसवलाय म्हणाला, जुना फार कुरकुर करत होता. आवाजात कितीतरी दिवसांनी हलकेपणा होता. मलाही बरं वाटलं.

बोलता बोलता तो अचानक गप्प झाला.

मागं त्याची मुलगी होती. टीव्हीवर ऐकलेला नवा शब्द म्हणून बघत होती, मजेत, पुन्हापुन्हा...

"पप्पा."

मी हॅलो हॅलो करत राहिलो. फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि त्याच्या मागं, हळूहळू फिरणारा पंखा.

नवा पंखा.

तो कुरकुरत होता.