दिशाताईच्या काट्यावर दामूकाका

मला झोपाळ्यावर ओकारी येते. बसमध्ये येते, होडीत येते, आणि एकदा भूगोलाच्या तासाला सागरी प्रवाहांचा नकाशा बघतानाही आली होती. त्यामुळे शाळेतल्या नव्या यंत्रानं समुद्रतळ शिबिरासाठी माझी निवड केली, तेव्हा वर्गात कुणी हसलंसुद्धा नाही. सगळ्यांना वाटलं, यंत्र बंद पडलं.

यंत्राचं नाव दिशा-३. आम्ही तिला दिशाताई म्हणायचो, कारण कपाटाएवढ्या वस्तूला नुसतं नावानं हाक मारणं बरं दिसत नाही. तिच्यात कृत्रिम बुद्धिमत्ता (उदाहरणं बघून बघून यंत्रानं कमावलेली अक्कल) होती. मुलांशी गप्पा मारायच्या आणि कुणी पुढे काय व्हावं ते सुचवायचं, हे तिचं काम. शिबिराला प्रत्येक शाळेतून एकच मूल जाणार होतं, आणि ते दिशाताई निवडणार होती. समुद्राच्या तळाशी काचेच्या प्रयोगशाळेत आठवडाभर राहायचं, आणि चिमुकल्या पाणबुड्या खोलून जोडायच्या. बोट शनिवारी सुटणार होती.

खरं तर आमच्या करंजबंदरातून अफरीन मुकादम जाणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. आमची दुपारची खिचडी ड्रोननं येते. गेल्या वर्षी ते ड्रोन बिघडलं आणि रोज करमरकर बाईंच्या नारळाला खिचडी वाढायला लागलं. करमरकर बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. नारळ जोमानं वाढला, पण आम्ही उपाशी. दुरुस्तीवाला यायच्या आत अफरीननं केसांची पिन आणि सायकलची ट्यूब वापरून ते ड्रोन नीट केलं.

तर अशा अफरीनला दिशाताईनं सुचवलं, ‘गाद्या-उशा तपासनीस’.

"काहीतरी घोळ आहे," मी म्हणालो.

"घोळ कसला शार्दूल? यंत्राला कळतं म्हणून तर ठेवलंय ना." अफरीन दप्तर आवरत होती. तिचा स्क्रूड्रायव्हरचा डबा तिनं माझ्या बाकावर ठेवला. "हा तुला घे. शिबिरात लागेल."

"मला तिथे फक्त पिशवी लागेल."

ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या धाकट्या भावानं सांगितलं, की आपा काल घरातल्या सगळ्या उशा दाबून बघत होती. मग मात्र मला स्वस्थ बसवेना.

मी घरी आबांकडे गेलो. आबा म्हणजे माझे आजोबा. ते वजनमापं निरीक्षक होते. बाजारात फिरून दुकानदारांचे काटे तपासायचे. निवृत्त झाल्यावरही ते चहात साखर घालणाऱ्याकडे संशयानं बघतात.

"आबा, यंत्र चुकतंय हे कसं ओळखायचं?"

"भाजीवालीचा काटा खोटा आहे हे कसं ओळखशील?"

"भाजी तोलून."

"गाढवा, भाजी किती भरायला हवी हे तुला कुठे ठाऊक आहे? काट्यावर आधी असं वजन ठेवायचं, जे आपल्याला आधीपासून माहीत आहे." त्यांनी दाराला टेकू म्हणून लावलेलं पितळी वजन उचलून माझ्या हातात दिलं. "किलोचं वजन ठेवून काटा पाऊण दाखवतो? मग काटा खोटा."

"पण दिशाताईवर वजन कसं ठेवायचं?"

"माणूस ठेव. ज्याला काय येतं हे अख्ख्या गावाला माहीत आहे, असा."

असा माणूस म्हणजे दामूकाका तांडेल. तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान. तुफानात, धुक्यात, एकदा तर शिंका येत असतानाही त्यांनी बोट खडकांमधून काढलेली आहे. अफरीनला घेऊन मी त्यांना शाळेत आणलं. करमरकर बाईंची परवानगी होती. त्यांनाही यंत्रानं ‘डोंबाऱ्याच्या खेळात दोरीवरून चालणे’ सुचवलं होतं, आणि त्या जरा विचारात पडल्या होत्या.

"तुमची तपासणी करायची आहे," मी दिशाताईला म्हणालो.

"माझी?" तिचा निळा दिवा लुकलुकला. "इथे आल्यापासून मला कुणी उलटं विचारलंच नाही. या, बसा."

तिनं दामूकाकांना विचारलं, "बोट चालवता येते?"

"चालवतो थोडीफार."

"वारा ओळखता येतो?"

"थोडाफार."

"संकटात शांत राहता का?"

"राहतो बापडा थोडाफार."

दिशाताई क्षणभर गुणगुणली. "सुचवलेलं काम : गाद्या-उशा तपासनीस."

अफरीननं मान झटकन वर केली. "माझंच काम!"

"तू काय उत्तरं दिली होतीस गं?" मी विचारलं.

"हेच. यंत्रं दुरुस्त करता येतात का, तर थोडीफार. मग काय सांगायचं? ‘मी फार हुशार’? आमची अम्मी घराबाहेर उभं करेल."

खरंच आहे. आमच्या गावात कुणाला काही येतं का असं विचारलं, की थोडंफार म्हणायची रीत आहे. इथे पट्टीचे पोहणारेही थोडंफार पोहतात.

"आणि तू काय सांगितलंस?" अफरीननं डोळे बारीक केले.

मी गंमत म्हणून सांगितलं होतं. पोहता येतं का, या प्रश्नाला मी उत्तर दिलं होतं, ‘उत्तम. देवमासे माझ्याकडे शिकवणीला येतात.’

"ते खरं नाही?" दिशाताईनं विचारलं.

"नाही हो ताई."

"मी त्यांची फीसुद्धा विचारणार होते."

पण संशय आला म्हणजे पुरावा मिळाला असं नाही. दामूकाकांचं वय, धंदा, आवाज, यातलं काहीही यंत्राला खटकलेलं असू शकत होतं. अफरीन म्हणाली, "ड्रोन दुरुस्त करताना मी एका वेळी एकच तार हलवत होते. दोन हलवल्या, तर कुठल्या तारेनं फरक पडला ते कळत नाही." याला नियंत्रित प्रयोग (एक गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं होतं तसंच ठेवायचं) म्हणतात. माणूस तोच, प्रश्न तेच. बदलायचा फक्त एक शब्द : ‘थोडंफार’च्या जागी ‘उत्तम’.

दामूकाका आधी तयारच होईनात. "अरे, लोक काय म्हणतील?" शेवटी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, कान लाल झाले, आणि ते पुटपुटले, "उत्तम. उत्तम. उत्तम."

"सुचवलेलं काम : नौदलप्रमुख," दिशाताई म्हणाली. निळा दिवा मंद झाला. "माणूस तोच होता ना? म्हणजे मी चुकते."

"तुम्ही असं शिकलात कुठून?" अफरीननं तिच्याजवळ जाऊन विचारलं. ती यंत्रांशी नेहमी हळू बोलते.

दिशाताईनं सांगितलं, की तिला शिकवण्यासाठी दूरच्या मोठ्या शहरांतल्या मुलांच्या मुलाखती दिल्या होत्या. हीच तिची विदा (यंत्राला शिकायला दिलेली माहिती). तिथे ‘उत्तम’ म्हणणारी मुलं बहुतेक पुढे त्याच कामात गेली. ‘थोडंफार’ म्हणणाऱ्यांना खरोखर थोडंफारच येत होतं. तिनं तेवढंच नातं पकडलं. "मला बनवणाऱ्यांनी मला खूप तपासलं," ती म्हणाली. "पण तपासणारी सगळी मोठी माणसं होती. तुमच्या वयाचं कुणी नव्हतं, तुमच्या गावचं तर नव्हतंच."

"मग सोपं आहे," मी म्हणालो. "थोडंफार म्हणजे उत्तम, असं धरा."

"धरलं. शार्दूल, गणित येतं?"

"थोडंफार."

"सुचवलेलं काम : थोर गणितज्ञ."

दारात उभ्या असलेल्या करमरकर बाई मला गणित शिकवतात. त्या खाली बसल्या.

म्हणजे नुसता शब्द उलटा करून भागणार नव्हतं. माझं थोडंफार खरोखरचं थोडंफार होतं, अफरीनचं नव्हतं, आणि शब्द मात्र एकच. अफरीननं कपाळावर हात मारला.

"प्रश्नच चुकतोय," ती म्हणाली. "किती येतं ते विचारूच नका. शेवटचं काय केलं ते विचारा. आणि कसं केलं तेही."

"विचारते. अफरीन, शेवटचं काय दुरुस्त केलंस?"

"ते खिचडीचं ड्रोन. म्हणजे त्याचा पंखा एका बाजूला जोर कमी लावत होता, म्हणून ते कलंडायचं. मी आधी चारही पंखे काढून अदलाबदल केली. दोष पंख्याबरोबर हलला नाही, म्हणजे पंखा बरा आणि मोटर खराब. मोटरीत वाळू होती! मग ट्यूबचा तुकडा कापून..." ती बोलतच राहिली. हात हवेत पंखे फिरवत होते. एकदाही थोडंफार आलं नाही.

दिशाताईचा दिवा लख्ख झाला. "समुद्रतळ शिबिर," ती म्हणाली. "आणि अफरीन, त्या उशांबद्दल माफ कर."

अफरीननं माझ्या बाकावरचा डबा उचलला आणि छातीशी धरला. मग तिनं घाईघाईनं खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं फक्त नारळाचं झाड होतं.

नव्या प्रश्नावर मी उत्तर दिलं, की माझं शेवटचं काम म्हणजे मी एका यंत्राला थापा मारल्या आणि ते काय करतं ते बघितलं. दिशाताईनं मला सुचवलं, ‘यंत्र-तपासनीस’. ही नोकरी तिनं लगेच दिलीसुद्धा. आता तिच्या प्रत्येक नव्या प्रश्नाची परीक्षा आधी आम्ही मुलं घेतो. पुढच्या महिन्यात डोंगरावरच्या शाळेतली मुलंही येणार आहेत. त्यांच्याकडे बढाई कशी मारतात, हे अजून कुणालाच माहीत नाही.

शनिवारी आम्ही दिशाताईला हातगाडीवर घालून धक्क्यावर नेलं. अफरीन बोटीतून हात हलवत होती. दामूकाकांनी बोट खडकांमधून अशी काढली, की भरल्या ताटातली आमटी हलली नसती. मला धक्क्यावर उभ्या उभ्याच ओकारी आली, पण आनंदाची.

तोंड पुसून मी विचारलं, "दिशाताई, आता तुम्हाला माणसं ओळखता येतात ना?"

ती दूर जाणाऱ्या बोटीकडे बघत होती.

"येतात," ती म्हणाली, "थोडीफार."