तुळसाबाईची लेक

त्या साली कापसाले भाव नव्हता, म्हणून आमच्या नेर गावात घरोघरी कापूस खोलीतच पडून होता. आमच्या पुढच्या खोलीत तं आढ्यापर्यंत ढीग. अंगाले खाज सुटे, पण टेकाले गादीवानी मऊ. दुपारी आम्ही तिघी तठीच बसून पिवळा कापूस निवडून काढत असू. मी, माही नातसून उर्वशी, अन् शेजारची तुळसाबाई.

वर्षावासात, पावसाळ्याचे तीन महिने, आमच्या विहारात ग्रंथ वाचतात. एकीनं वाचायचं, प्रकरण सरलं का बाकीच्यांनी हात जोडून होकार द्यायचा, "साधु, साधु, साधु." वर्षावास सरला, पण सवय काही जाईना. मंग उर्वशीनं यवतमाळच्या लायब्ररीतून एक कादंबरी आणली, अन् आम्ही तीही तशीच वाचाले लागलो.

"आजी, कादंबरीले साधु नसते म्हणत वो," उर्वशी हासली.

"काहून?" तुळसाबाई म्हणे. "लिवणाऱ्यानं मेहनत नाही केली का?"

कादंबरीतलं शहर भल्लं इचित्र. दिवेलागणीले दवंडीवाला ओरडे, आज अमकी गोष्ट शहरातून चालली, कबूल हाये का? एकानंही होकार देल्ला का ते गायब. मांगून कोणाले आठवतही नसे. एका फौजदाराच्याच ध्यानात राहे. जे कोणालेच आठवत नाही, त्याचा तपास करत तो बिचारा गल्लोगल्ली फिरे.

पहिल्या प्रकरणात गिरणीचा भोंगा गेला. आम्ही म्हणलं, "साधु, साधु, साधु."

दुसऱ्या दिवशी चहाले उशीर झाला. आमच्या गावच्या कापसाच्या जिनिंग मिलचा भोंगा वाजला का मी स्टो पेटवते. तो वाजलाच नाही.

"कोणता भोंगा, आजी?" उर्वशी म्हणे.

तुळसाबाईले विचारलं. "झाली सुरू तुही थाप! नेरात कधी भोंगा होता वो, प्रभा?"

लग्न होऊन आली तवापासून तो भोंगा माह्या कानात हाये. मी जिनिंगपाशी जाऊन पाह्यलं. भिंतीवर गंजाचा डागही नव्हता.

मंग कडुनिंब गेला. पुस्तकात चौकातला, अन् इथी विहारामांगचा. त्याच्या खाली आलेल्या फांदीपाशी उर्वशी रोज वाकून जाये. त्या दिवशी सरळ गेली.

"वापस दे ते पुस्तक," मी म्हणलं.

"आता थोडंच राह्यलं. अन् अर्ध्यातून वाचन सोडू नये, तुम्हीच तं म्हणता."

मी तोंड मिटून बसली, तरी त्या दोघी 'साधु' म्हणतच.

शेवटचं प्रकरण आलं. दवंडीवाला ओरडला, आज निळ्या दाराचं घर चाललं, अन् त्यात एकटी राहणारी बुढी.

तुळसाबाईचं दार निळं. नवरा गेल्यावर ती एकटीच. पोरबाळ झालंच नाही. अन् ती कापसाले टेकून, हात जोडून तयारच बसली होती.

मी उर्वशीच्या हातातून पुस्तक हिसकलं.

"दे इकडं, मी वाचते."

पानावर काय होतं ते मी पाह्यलंही नाही. मनचंच वाचत गेली. "तेवढ्यात बुढीची लेक फुलसावंगीवरून आली. म्हणे, माय, चाल माह्यासंगं. बुढीनं दाराले कुलूप लावलं अन् लेकीकडं सुखानं राह्यली. घर जागच्या जागीच राह्यलं. सरलं."

"पुस्तकात फुलसावंगी?" उर्वशी म्हणे.

"एवढं मोठं गाव, पुस्तकात काहून नसन?"

तुळसाबाई पदरानं डोळे पुसून राह्यली होती. "चांगलं झालं वो. बुढीले कोणीतरी भेटलं." मंग हात जोडून म्हणे, "साधु, साधु, साधु."

सकाळी निळं दार जागेवर होतं. माहा जीव भांड्यात पडला.

मंग कुलूप दिसलं.

"तुळसाबाई कुठी गेली?"

"फुलसावंगीले," उर्वशी म्हणे. "तिची लेक आलती न्यायले. आजी, असं काय करता?"

काही दिवसांनी दुपारच्या एसटीनं एक बाई आली. भांडेकुंडे न्यायले. माह्याकडं पाठ करून कुलूप काढत होती. उभं राहणं थेट तुळसाबाईचं.

"माय खुशाल हाये, मावशी," ती न वळता म्हणे. "तुमची लय आठवण काढते."

"इकडं वळ ना वो पोरी. पाहू दे तुहं तोंड."

तिचा हात कुलपावर थांबला.

"तोंडाचं तं तुम्ही काही वाचलंच नाही, मावशी."