कोमट पाण्याची जागा

"त्या बिचाऱ्याला का झापताय? त्याचं काही चुकलेलं नाही."

गुडघाभर ओढ्यात उभी राहून तापमापकावर चरफडणाऱ्या तिने दचकून वर पाहिलं. काठावर शेजारच्या रोपवाटिकेचा मालक उभा होता—हातांना माती, ओठांत दाबलेलं हसू.

"सगळीकडे पाणी बर्फासारखं, आणि इथेच कोमट? यंत्र बिघडलंय!" ती फणकारली. कचेरीने तिला ओढ्याच्या मोजणीला पाठवलं होतं, आणि महिनाभर या जागेचे आकडे ती अशीच खोडत आली होती.

"वाळूत हात घाला, मोजणीबाई."

तिने घातला. बोटांभोवती ऊब हलकेच वर येत होती...

"वरच्या अंगाला ओढा खडीतून झिरपतो, माझी विहीर भरतो, रोपांना कस देतो. आणि इथे जमिनीतलं पाणी वर येऊन त्याला मिळतं. हिवाळ्यात कोमट, उन्हाळ्यात गार. दोघांची देवाणघेवाण चालूच असते."

"आणि तुम्ही काय घेता?"

"सध्या तुमचा वेळ," तो म्हणाला, आणि बाई चक्क लाजल्या.

ओढ्याला सिमेंटचा तळ घालायचं घाटत होतं. 'ओढ्याचं पाणी जमिनीत जात नाही, जमिनीतून येतही नाही,' असा तिचा अहवाल कचेरीत गेला होता. ती चूक सुधारायला पंधरा दिवसांचे नवे आकडे पुरेसे होते. पण रोज सकाळी तो चहा घेऊन यायचा. ती आकडे सांगायची, तो वहीत उतरवायचा. वही देता-घेताना बोटं लागायची... पुराव्यात कसर नको, असं स्वतःला बजावत तिने दोन महिने मोजलं. चूक कळवणारं तिचं पत्र कचेरीत पोचलं तेव्हा सिमेंटच्या गाड्या ओढ्यावर येऊन थडकल्या होत्या.

सिमेंटमुळे ओढ्याचं झिरपणं थांबलं आणि उन्हाळ्यात विहीर आटली. उरलीसुरली रोपं टेम्पोत चढली. तो थोरल्या बहिणीकडे निघाला होता, तिथे पाणी होतं.

"पंधरा दिवस पुरले असते," तिला रडू आवरेना. "मी मुद्दाम लांबवलं. तुम्ही रोज येत होतात म्हणून—मला तुम्ही आवडता म्हणून."

तो एका कुंडीतली माती दाबू लागला.

"मला ठाऊक होतं. वही मीच लिहीत होतो ना? आकडे रोज तेच यायचे. 'बास झालं, पत्र धाडा,' असं रोज जिभेवर यायचं... आणि मी गिळून टाकायचो."

तिने त्याचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला नाही. टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. 'चला माझ्याबरोबर' असं तो म्हणाला नाही, 'थांबा' असं तीही म्हणाली नाही. प्रेम दोघांचंही खरं होतं; पण एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं की दोघांनाही ती कोरडी विहीरच दिसणार होती.