न गेलेली चांदी

रविवारी सकाळी रंगूबाई बाळकुमच्या पोलीस चौकीत आली आणि फौजदार दर्शना भोईर यांच्यासमोर उभी राहिली.

"बाई, माझ्यावर चोरीचा गुन्हा लिवा. न्हाईतर मी चोर न्हाई, असं तरी लिवून द्या."

दर्शनाबाईंनी मोबाइल उघडला. शुक्रवार, सकाळचे आठ वाजून दोन मिनिटं. 'जागरूक बाळकुम' नावाच्या खात्याची पहिली आणि शेवटची पोस्ट. पिशवी घेऊन निघालेल्या रंगूबाईचा फोटो, खाली ओळ: 'ही बाई कामाच्या घरातून चांदी चोरते. दारात उभी करू नका.' संध्याकाळपर्यंत पोस्ट चारशे बारा जणांनी पुढे पाठवली होती आणि रंगूबाईची सहाही कामं गेली होती.

"कुणाशी भांडण?"

"न्हाई. गुरुवारी आम्ही बाया रविवारची सुट्टी मागायला सोसायटीच्या ऑफिसात गेलेलो, मीच पुढं व्हते. सेक्रेटरी नुसते हसले."

दर्शनाबाई तिला घेऊन सोसायटीत गेल्या. सहाही घरी विचारलं. चांदी कुणाचीच गेली नव्हती. शेजाऱ्याची गेली असावी, अशी प्रत्येकाची खात्री होती. त्यातल्याच एका घरच्या कल्पिताने तर सांगितलं, की फोटोतल्या पिशवीत तिनेच दिलेले जुने पडदे होते. पोस्ट मात्र तिनेही पुढे पाठवली होती. सगळेच पाठवत होते ना.

पोस्ट लिहिणारा कोण, हे एकानेही पाहिलं नव्हतं. त्या खात्याला फॉलोअर अजूनही शून्य होते. सर्वांना ती सेक्रेटरी सुदेश प्रधान यांच्याकडून आली होती. त्यांनी ती आठ वाजून तीन मिनिटांनी, सगळ्यांच्या आधी पाठवली होती.

प्रधानांनी चहा मागवला.

"मॅडम, मी तेवीसशे लोकांना फॉलो करतो. कुठलं कुठून आलं, कसं लक्षात राहणार?"

"इतकं वाचता कसं?"

"शिस्त." प्रधान खुलले. "फक्त मी फॉलो करतो त्यांचंच दिसेल, असं सेटिंग ठेवलंय. परक्याचं एक अक्षर येत नाही, निरोपसुद्धा नाही."

"काही शोधून वगैरे पाहता?"

"वेळ कुणाला आहे? समोर येईल ते ढकलतो."

दर्शनाबाईंनी कप बाजूला सारला. त्यांचा आवाज चढला नाही, पण प्रधान सरळ बसले.

"तुम्हाला फक्त फॉलो केलेल्यांचं दिसतं. या खात्याला फॉलोअर शून्य, म्हणजे तुम्हीही नाही. शोधत तुम्ही नाही. मग तेवीसशे जणांच्या गर्दीत ही पोस्ट एका मिनिटात तुम्हाला दिसली कशी? ती फक्त लिहिणाऱ्यालाच दिसू शकत होती. गुरुवारी बायांनी सुट्टी मागितली, शुक्रवारी त्यांची पुढारी चोर झाली. फोन द्या."

फोनवर दोन खाती होती. दुसरं जागरूक होतं.

"मी लगेच माफीची पोस्ट टाकतो," प्रधान पुटपुटले.

"ती कोण वाचणार? गुन्हा मी नोंदवतेच. त्याआधी सहाही दारांची बेल वाजवा आणि तोंडाने सांगा. रंगूबाई, तू जा यांच्याबरोबर."

रंगूबाईने पदर खोचला.

"त्यांचं त्यांना जाऊ द्या, बाई. आज रविवार. माझी सुट्टी हाय."