पडद्यावर दिसू नये असं

त्याच्या डाव्या अंगठ्याचं नख उजव्यापेक्षा साधारण दोन मिलिमीटर लांब होतं. पुंडलिकनगरातल्या त्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा मला आधी तेच दिसलं. त्या नखानं त्यानं माझ्या भिजलेल्या फोनचं झाकण उघडलं, चिमट्यानं चार्जिंगच्या फटीतून एक कणी काढली आणि काचेवर ठेवली.

"तांदळात ठेवला होता व्हय, मॅडम?"

"हो."

"शिकता काय?"

"शिकवते. रसायनशास्त्र."

"मग ठीक हाय. पुढच्या वेळेस डाळ पण टाका, खिचडी होईल."

मी हसले नाही... रिक्षात बसल्यावर मात्र एकटीच हसले.

त्याचं नाव बद्रीनाथ. दुरुस्त झालेला फोन तपासायला त्यानं तो दुकानाच्या वायफायला जोडून दिला होता. त्यानंतर मी कॉलेजला जाताना त्या गल्लीतून गेले की तो नेमका पायरीवर उभा असायचा. मला योगायोग वाटायचा. महिन्याभरानं त्यानंच कबूल केलं – माझा फोन जवळ आला की आपोआप त्याच्या वायफायला जोडला जायचा आणि जोडलेल्या फोनांच्या त्याच्या यादीत 'मोनिका' असं नाव उमटायचं.

"हे बंद ठेवत जा," तो म्हणाला. "नाव ओळखीचं दिसलं की फोन कुणाच्याबी गळ्यात पडतो."

"मग तुम्हीच बंद करून द्या."

त्यानं दिलं नाही. मीही केलं नाही. काही दिवसांनी अहोचं अरे झालं.

मार्चमध्ये वेरूळच्या रस्त्यावर उसाचा रस पिताना त्यानं लग्नाचं विचारलं. जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत मला वर्षभरासाठी जागा मिळाली होती. आल्यावर सांगते, असं मी म्हणाले. त्यानं ते होकारासारखं ऐकलं आणि मी त्याला तसं ऐकू दिलं. आपल्या आईला त्यानं पुढची अक्षय्यतृतीया सांगितली, जालन्याहून आलेलं स्थळ परत पाठवलं. जूनमध्ये त्याच प्रयोगशाळेचं दुसरं पत्र आलं. आता जागा पीएचडीची होती, चार वर्षांची. मी त्याच दिवशी सही केली, त्याला न विचारता. सांगायचं मात्र रोज उद्यावर ढकलत राहिले.

जायला दोन दिवस उरले, तेव्हा त्यानं फोन घेऊन बोलावलं. करमाडहून माझे आईवडील दुसऱ्या दिवशी येणार होते, म्हणून मी दुपारीच गेले. त्यानं मला स्टुलावर बसवलं आणि विमानतळावर उतरलीस असं समज म्हणाला. फोनमध्ये 'एअरपोर्ट फ्री वायफाय' असं नाव दिसत होतं. मी जोडलं. त्यानं खिशातून स्वतःचा फोन काढून दाखवला. ते नाव त्यानंच दिलं होतं.

"लुटली गेलीस. दहा सेकंदांत."

"तुझ्याकडून आधीच लुटली गेलेय," मी म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर पस्तावले. तो इतका खूश झाला होता.

मग त्यानं एकेक गोष्ट समजावली. आधी तिथल्या माणसाला खरं नाव विचारायचं. बँकेचं काम फुकटच्या वायफायवर करायचं नाही, आपल्या सिमच्या डेटावरच करायचं. काम झालं की ते नाव फोनमधून काढून टाकायचं. ओटीपी येतो म्हणून इथलं सिम चालू ठेवायचं. चार्जिंगला आपलाच चार्जर लावायचा, कुणाची लोंबती वायर नाही. मी सगळं वहीत लिहून घेत होते. त्याच्याकडे बघावं लागू नये म्हणून.

"शेवटचं," तो म्हणाला. "फोन लॉक असला तरी आलेला मेल वर दिसतो. शेजारचा वाचतो. ते झाकून टाकू."

फोन त्याच्या हातात होता. तेवढ्यात पडदा उजळला. विद्यापीठाचा मेल होता. वरच्या दोनच ओळी दिसत होत्या, पण तेवढ्या पुरेशा होत्या – तुम्ही सही केलेल्या चार वर्षांच्या कराराप्रमाणे राहण्याची खोली पक्की झाली.

त्यानं वाचलं. मग सेटिंग उघडलं, एक बटण सरकवलं, फोन बंद केला, पुन्हा चालू करून तपासला.

"आता नाय दिसणार कुणाला," तो म्हणाला.

रस्त्यावरून भाजीची गाडी गेली. कोथिंबिरीचा वास आत आला आणि थोडा वेळ तसाच राहिला.

"चार?" त्यानं विचारलं.

"जूनपासून माहीत होतं मला."

"मी थांबेन की. वडलांना सोडून मला येता नाय येणार... त्यांचं अर्धं अंग गेलंय, तुला ठावं हाय. पण थांबेन."

तो खरंच थांबला असता. यादीत माझं नाव उमटायची वाट बघत, रोज, दुकान उघडल्या उघडल्या. आणि चार वर्षांनंतर मी आणखी पुढचं काही शोधलं असतं. हे मला जूनमध्ये सही करतानाच कळलं होतं. तो आवडत नाही असं नव्हतं. तो आवडत होता, आणि तरीही मी सही केली होती.

"आईला काय सांगू?" तो हळूच म्हणाला.

मी वही मिटली. त्याच्याकडे पाहिलं.

"सांग, मोनिका नाही म्हणाली. मी तुझ्याशी लग्न करणार नाही, बद्री... माझी वाट बघू नकोस."