सदतीस अंश

ऑगस्टचा शेवटचा शनिवार होता. कामावरचा माझा जोडीदार रेल्वे स्टेशनवर फुग्यांचं पार्सल सोडवायला गेला होता. हसतोस काय रे? वाढदिवसाचे नव्हेत, आमच्या हवामान केंद्राचे.

त्याला सगळे बोका म्हणत. दुसऱ्याच्या डब्यावर ताव मारायचा आणि मिशा पुसत झोपायचा. रोज रात्री फुगा सोडायचं काम आमचं. फुग्याखाली एक डबी लोंबते. वर जाता जाता ती तापमान, दमटपणा, हवेचा दाब कळवत राहते. त्यावरून मोठ्या कचेरीतल्या मॅडम ठरवायच्या, वादळ कुठं वळणार. पण बोका पावसात बाहेर पडायचाच नाही. कालचेच आकडे आज ठोकून द्यायचा. आदल्या वर्षी त्याच्या थापेवर बोटी सुटल्या आणि वादळ वळलं. माणसं आठवड्यानं किनाऱ्याला लागली... फुगलेली. हा मेला नाकाला रुमाल लावून बघून आला आणि पोटभर जेवला! थू! अजून किळस येते मला त्याची.

तर त्या शनिवारी समुद्रात नवं वादळ बाळसं धरत होतं. पहाटे बोटी सोडायच्या की थांबवायच्या, एवढाच प्रश्न. मॅडम म्हणाल्या, "फुगा सोडा, मी फोन धरून बसते." मग काय करतो बिचारा! पाळी त्याचीच होती; रात्री साडेअकराला सोडला. पुढचं मला मॅडमनीच सांगितलं.

बोका आकडे वाचत होता. "वीस. बारा. पाच." वर जावं तसं गारच होत जातं. मग तो थांबला.

"पुढे?"

"सदतीस."

"अहो, फुगा सोडलात की कुणाचा ताप बघताय?"

दमटपणा शंभर. दाब वर... खाली... वर... खाली. श्वास चालावा तसा.

"मॅडम, इथं वास मारतोय. काहीतरी सडलंय..."

"खिडकी लावा. बोटींचं काय करू?"

आणि त्या नालायकानं काय करावं? कालचा कागद ओढला!

"उणे दहा. उणे वीस. सगळं ठीक आहे. सोडा बो..."

शब्द पुरा झाला नाही. गुळण्या केल्यासारखा आवाज आला. मग... काहीच नाही.

मॅडमनी बोटी थांबवल्या. पहाटे वादळ येऊन आदळलं. समुद्रावर कुणीच नव्हतं.

सकाळी मी केंद्रात गेलो. बोका खुर्चीत होता, हातात तो कालचा कागद. फुगलेला. आठवडाभर पाण्यात असल्यासारखा. हनुवटीवरून हिरवट पाणी... मी तिथंच ओकलो.

पडद्यावर डबीकडून अजून तापमानाचे आकडे येत होते. एकतीस. बघता बघता तीस.

डबी त्याच्या पोटात असेल, नीट शोधा, असं मी शवविच्छेदनाच्या डॉक्टरांना बजावलं. त्यांनी पोट उघडून पाहिलं. डबी नव्हती.

डबीची बॅटरी कधीच संपायला हवी होती. पण आकडा उतरत राहिला. रात्री एका जागी थांबला.

बोक्याला ठेवलं होतं त्या शवागारात मी फोन लावला. "तुमच्याकडे कप्प्यात तापमान किती ठेवता हो?"

"चार," तिकडचा माणूस म्हणाला.

माझ्या पडद्यावरही चारच होते.